खोगीर पाठीला बसते का?

एखाद्या समितीत कामाच्या माणसांपेक्षा बिनकामाचीच माणसे जास्त झाली, की 'ही सगळी खोगीरभरती' असे आपण म्हणतो. पुस्तकाची पाने वाढवण्यासाठी घातलेल्या मजकुरालाही तोच शब्द लावतो. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर बसण्यासाठी घालायचे जीन. त्याच्या गादीत भरलेली लोकर, केस, गवत, चिंध्या म्हणजे खोगीरभरती. आत काय भरले आहे ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा हाताला लागेल ते कोंबावे, असा या शब्दामागचा भाव आहे. आपल्या भाषेने या भरतीला पार निकामी ठरवून टाकले आहे. घोड्याच्या पाठीच्या दृष्टीने पाहिले तर मात्र नेमके उलटे दिसते. स्वाराचे सगळे वजन या भरतीतून जाऊनच पाठीवर पोचते. ती नीट असेल तर घोडा दिवसभर काम करतो, नसेल तर पाठीला जखम होते.

कोल्हापुरात घोडा अजून दिसतो. रंकाळ्याच्या काठावर मुलांना फेरी मारून आणणारा, वरातीत नवरदेवाला मिरवणारा. माथेरान, महाबळेश्वरला तर पर्यटकांना पाठीवर घेऊन दिवसभर चालणारे घोडे आहेत. यांतला बहुतेक घोडा एखाद्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाचा असतो आणि तेच त्या कुटुंबाचे भांडवल असते. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आजचा घोडेवाला या अर्थाने शिलेदारच म्हणायचा. घोडा जायबंदी झाला तर नुकसान त्याचे एकट्याचे. पाठ सोलवटली की घोडा पंधरा-वीस दिवस ठाणावर उभा राहतो. मिळकत थांबते, चंदी मात्र रोज घालावी लागते. म्हणून पुष्कळदा जखमेवर कापड टाकून घोडा तसाच कामाला लावला जातो, आणि जखम चिघळते.

घोड्याच्या मापाचे नवे खोगीर बनवून घेणे यांतल्या बहुतेकांना परवडत नाही. ते जुने खोगीर घेतात, किंवा बाजारात टांगलेले असेल ते. तेव्हा प्रश्न असा आहे : थोड्या पैशांत पाठीला बसणारे खोगीर कसे मिळवावे? आमच्या मते हा प्रश्न पैशांपेक्षा मोजमापाचा अधिक आहे, आणि त्याला लागणारे विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकात आहे.

पाठीवर जागा किती?

घोड्याच्या पाठीकडे लांबून पाहिले तर ती एक मोठी, मोकळी जागा वाटते. प्रत्यक्षात ओझे ठेवण्याजोगा भाग त्यात फारच थोडा असतो.

घोड्याच्या छातीच्या भागात साधारणपणे १८ मणके असतात आणि त्यांना जोडलेल्या बरगड्यांच्या १८ जोड्या. प्रत्येक मणक्याचा एक काटा वरच्या बाजूला निघालेला असतो. खांद्यांच्या मध्ये येणारे काटे बरेच लांब असतात. मानेच्या मुळाशी जो उंचवटा दिसतो तो त्यांच्यामुळेच. घोड्याची उंची मोजतात ती याच उंचवट्यापर्यंत. या काट्यांवर मांस जवळजवळ नसते. वर कातडी आणि खाली लगेच हाड, आपल्या नडगीसारखे. नडगीवर ओझे ठेवून पाहा म्हणजे कण्यावर खोगीर टेकले की काय होत असेल याची कल्पना येईल.

दुसरी निषिद्ध जागा खांद्याची. माणसाचा खांदा गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाने धडाशी जोडलेला असतो. घोड्याला ते हाड नसते. त्याचा खांदा धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. घोडा पुढचा पाय पुढे टाकतो तेव्हा खांद्याच्या पात्याचे वरचे टोक मागे सरकते. घोड्याला हळू चालवून खांद्यामागे तळहात ठेवला तर हे सरकणे हाताला कळते. खोगीर तिथे आले तर प्रत्येक पावलाला पाते त्यावर आपटते.

तिसरी जागा कमरेची. शेवटच्या बरगडीच्या मागे जे मणके आहेत त्यांना खालून बरगड्यांचा आधार नाही. खोगीर तिथपर्यंत पोचता कामा नये.

एवढे वगळले म्हणजे उरतात दोन पट्टे. कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, खांद्याच्या मागे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढे. इथे लांब, जाड स्नायू आहेत आणि त्यांच्याखाली बरगड्यांची कमान. चांगल्या खोगिराचे काम एकच : स्वाराचे वजन या दोन पट्ट्यांवर सारखे पसरायचे आणि मधल्या कण्याला हात लावायचा नाही.

म्हणून खोगिराला दोन भाग असतात. आत लाकडाचा किंवा दुसऱ्या टणक पदार्थाचा सांगाडा. त्याची पुढची कमान उंचवट्यावरून पलीकडे जाते. सांगाड्याखाली भरती केलेल्या दोन गाद्या आणि त्यांच्यामध्ये कण्यासाठी मोकळा गाळा. सांगाडा नसलेले, नुसत्या जाड गादीचे खोगीरही असते. ते कोणत्याही पाठीवर घालता येते, पण वजन पसरवण्याची त्याची ताकद कमी, आणि गादी दबली की ती सरळ कण्यावर टेकते.

दाबाचे गणित

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, ही व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ती इथे वापरून पाहू.

समजा एका लहान चणीच्या तट्टावर ४२ किलोचा मुलगा बसला आहे आणि खोगीर ६ किलोचे आहे. एकूण ४८ किलो. खोगिराची प्रत्येक गादी ४० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद धरली तर दोन्ही गाद्यांचे क्षेत्रफळ ९६० चौरस सेंटिमीटर होते. गाद्या सगळीकडे सारख्या टेकल्या तर दर चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम वजन येईल.

आता सांगाड्याची वळण पाठीच्या वळणाशी जुळत नाही असे समजा. पाठीला खोलगट वळण आहे आणि खोगीर मात्र खालून सरळ आहे. खोलगट थाळीवर फूटपट्टी ठेवली तर ती दोन टोकांना टेकते आणि मध्ये पोकळी राहते. खोगिराचेही तसेच होते. वजन चार कोपऱ्यांवर येते. एकेक कोपरा ७ सेंटिमीटर लांब-रुंद धरला तर चारींचे मिळून क्षेत्रफळ १९६ चौरस सेंटिमीटर, आणि दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २४५ ग्रॅम. मुलगा तोच, घोडा तोच, दाब जवळजवळ पाचपट.

हे झाले उभ्या घोड्याचे. घोडा चालू लागला की स्वार वरखाली होतो आणि पाठीवरचे बल वाढते. व्हिएन्नामध्ये संशोधकांनी खोगिराखाली दाबमापक संवेदकांची गादी घालून हे मोजले. त्यांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. साध्या चालीत बलाचे शिखर स्वाराच्या वजनाच्या सुमारे सव्वापट, दुडकीत सुमारे अडीचपट आणि दौडीत त्याहूनही थोडे जास्त भरले. दुडकीसाठी आपले आकडे अडीचने गुणले तर नीट बसलेल्या खोगिराखाली १२५ ग्रॅम आणि न बसलेल्याखाली ६०० ग्रॅमच्या वर येतात. अशाच संवेदकांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसते, की कोठेही दाबाचे शिखर सुमारे ३५ किलोपास्कलच्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५० ग्रॅमच्या वर गेले की पाठ दुखावण्याचा संभव वाढतो. पहिले खोगीर या रेषेच्या बरेच खाली राहते. दुसरे ती कधीच ओलांडून जाते.

आता त्याच तट्टावर नीट बसलेले खोगीर घालून ८० किलोचा माणूस बसवला तर काय होईल? एकूण ८६ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९० ग्रॅम. न बसणाऱ्या खोगिरावरच्या हलक्या मुलाचा दाब याच्या अडीचपटीहून जास्त होता! एवढ्या जड माणसाने तट्टावर बसावे असा याचा अर्थ नाही. त्याच्या वजनाचा ताण पायांवर आणि स्नायूंवर येतोच, त्याविषयी पुढे पाहू. पण 'लहान मुलंच तर बसतात, खोगीर कसलंही चालेल' हा समज चुकीचा आहे, एवढे या गणितावरून कळते.

रक्त थांबते तेव्हा

दाबाने जखम का होते? आपल्या बोटाच्या नखावर दाब द्या. नखाखालचा भाग पांढरा पडतो. दाब काढला की गुलाबी रंग परत येतो. दाबामुळे केशवाहिन्या मिटतात आणि रक्त तिथून निघून जाते. हाच प्रकार खोगिराखाली होतो, फक्त बोट लगेच काढले जाते आणि खोगीर तासन्‌तास राहते.

माणसाच्या केशवाहिन्यांमधला दाब यूजीन लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० साली थेट मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. पाऱ्याची घनता १३.६ घेतली तर ३.२ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ ग्रॅम होतो. हा माणसाचा आकडा आहे, शिवाय कातडीवर दिलेला दाब जसाच्या तसा आतल्या वाहिनीपर्यंत पोचत नाही. तरीही अंदाज यायला तो पुरेसा आहे. आपल्या सर्वांत चांगल्या खोगिराखालचा दाब ५० ग्रॅम होता, हे लक्षात घ्या. म्हणजे उत्तम खोगीरही रक्ताच्या वाटेत थोडेफार येतेच. चालताना दाब पाठीच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकत राहतो म्हणून निभावते.

यावरून एक फुकटचा उपाय सुचतो. दाब किती, याइतकेच तो किती वेळ, हेही महत्त्वाचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस ठरावीक वेळाने बदलतात ती याचसाठी. घोड्यालाही फेऱ्यांच्या मध्ये स्वार उतरवून, तंग सैल करून थोडा वेळ मोकळे उभे करावे. गिऱ्हाईक नसताना मालकानेच खोगिरावर बसून राहणे हे पाठीच्या दृष्टीने फार वाईट, कारण उभ्या घोड्याच्या पाठीवर दाब एकाच जागी राहतो.

पाठीचा नकाशा

खोगीर घ्यायला जाताना बहुतेक लोक घोड्याची उंची सांगतात किंवा नुसत्या नजरेने अदमास करतात. उंचीवरून पाठीचा आकार कळत नाही. सारख्या उंचीच्या दोन घोड्यांत एकाची पाठ घराच्या छपरासारखी उतरती असते, दुसऱ्याची पिंपासारखी गोल. इंग्रजी धाटणीची पुष्कळ खोगिरे उंच, लांब पाठीच्या घोड्यांच्या बेताने केलेली असतात. आपल्याकडच्या आखूड पाठीच्या तट्टावर ती घातली की मागे कमरेपर्यंत जातात. म्हणून पाठीचा नकाशा काढावा. त्यासाठी लागणारे साहित्य असे : घरातल्या वायरिंगमधली एकेरी, जाड तांब्याची साधारण पाऊण मीटर तार, खडू, जुने पुठ्ठे आणि कात्री.

घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करावा. मान सरळ, आणि मालक त्याच्या तोंडाशी. मापे घेणाऱ्याने बाजूला उभे राहावे, मागच्या पायांकडे जाऊ नये. तळहाताने चाचपून खांद्याच्या पात्याची मागची कड शोधावी आणि खडूने खूण करावी. मग शेवटची बरगडी बोटांनी वरपर्यंत माग काढत न्यावी आणि तिथेही खूण करावी. या दोन खुणांमध्येच खोगिराच्या गाद्या मावल्या पाहिजेत.

आता पहिल्या खुणेच्या दोन बोटे मागे तार पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबत पाठीला चिकटवावी. तिचा आकार न बिघडवता उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी आणि आतल्या कडेने रेघ ओढावी. डावे-उजवे लिहायला विसरू नये. असेच माप दोन खुणांच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीच्या खुणेशी घ्यावे. चौथे माप लांबीचे : कण्यापासून चार बोटे बाजूला, पुढून मागे. चारही आकार कापून घेतले की पाठीचा नकाशा तयार झाला. आता घोड्याला बाजारात न्यायची गरज नाही. पिशवीत चार पुठ्ठे असले की पुरे.

आम्ही कोल्हापुरातल्या एका घोडेवाल्याच्या तीन घोड्यांची अशी मापे घेतली. तिघांची पुढची मापे एकमेकांवर ठेवली तर एकही दुसऱ्याशी जुळेना. खोगीर मात्र तिघांत दोन होती आणि ती आलटून पालटून घातली जात. घोडेवाले मामा म्हणाले, "काय हुतंय सर त्याला? घोंगडं दुहेरी टाकलं की बसतंय खोगीर." हा उपाय सगळीकडेच करतात. खोगीर सैल असेल तर तो काही काळ चालतोही. पण पुढची कमान आधीच अरुंद असेल तर जाड घोंगड्याने ती आणखी आवळते. घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखेच ते. मामांना बुटांचे उदाहरण लगेच पटले. "मग पायताण जसं माप बघून घेतो, तसं ह्येचं बी बघाय पायजे," असे तेच म्हणाले.

काय बदलता येते, काय नाही

जुने खोगीर घेताना एक सूत्र लक्षात ठेवावे. सांगाडा बदलता येत नाही, बाकी जवळजवळ सगळे बदलता येते. भरती नवी करता येते, पट्टे बदलता येतात, शिवण पुन्हा घालता येते, तंग आणि रिकिबी नव्या लावता येतात. पुढच्या कमानीची रुंदी, सांगाड्याची लांबी आणि त्याचे वळण हे मात्र जन्मभराचे. म्हणून चकचकीत कातड्यापेक्षा बरोबर मापाचा, न मोडलेला सांगाडा पाहावा. फाटक्या शिवणीचे पण योग्य सांगाड्याचे खोगीर स्वस्तात मिळत असेल तर तेच घ्यावे.

तपासणी अशी करावी. खोगीर उलटे करून मांडीवर घ्यावे. दोन गाद्यांमधला गाळा पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटे रुंद असावा. मागे तो निमुळता होत असेल तर कण्याला घासणार. दोन्ही गाद्या सारख्या जाडीच्या आहेत का, एखादी चपटी झाली आहे का, हात फिरवून गाठी लागतात का, ते पाहावे. पुढच्या कमानीची दोन टोके हातांत धरून आत-बाहेर दाबावीत. करकर आवाज आला किंवा कमान हलली तर सांगाडा मोडला आहे. असे खोगीर फुकट मिळाले तरी घेऊ नये. तंगाचे पट्टे वाकवून पाहावेत. कातड्याला भेगा दिसल्या तर पट्टा बदलावा लागेल, नाही तर तो भरधाव घोड्यावर तुटायचा. शेवटी पुठ्ठे त्या त्या जागी गाद्यांच्या मध्ये धरून पाहावेत. पुठ्ठा आणि गादी यांच्यात फट कोठे राहते ते लगेच दिसते.

शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी खोगीर एकदा घोड्यावर घालून पाहावे. खाली काही न घालता, तंग न आवळता. आधी थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे. ते स्वतःहून एका जागी थांबते. गादीखाली तळहात घालून पुढून मागे सरकवत न्यावा. हात कोठे अडकतो आणि कोठे मोकळा सुटतो ते ध्यानात ठेवावे. बैठकीवर एक गोटी ठेवली तर ती मध्यावर येऊन थांबली पाहिजे. ती मागे घरंगळली तर पुढची कमान बहुधा अरुंद आहे आणि खोगीर पुढून उचलले गेले आहे. पुढे घरंगळली तर कमान रुंद आहे आणि खोगीर उंचवट्यावर बसू पाहते आहे. मग स्वार बसवून उंचवटा आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटे जाते का, आणि मागून पाहिल्यास गाळ्यातून आरपार उजेड दिसतो का, ते पाहावे.

भरतीचे महत्त्व

सांगाडा जवळपास जुळला की उरलेला फरक भरतीने काढायचा. भरतीला सर्वांत चांगली वस्तू लोकर. लोकरीचा तंतू सरळ नसतो. त्याला नैसर्गिक वळ्या असतात. त्यामुळे तो बारीक स्प्रिंगसारखा दबतो आणि पुन्हा वर येतो. कापूस दबला की दबलेलाच राहतो आणि घामाने त्याचे गठ्ठे होतात. चिंध्यांच्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ म्हणजे दाबाचा एक नवा बिंदू. लोकरीचा दुसरा गुण असा, की ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतकी वाफ शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही.

कोल्हापूर परिसरात ही लोकर दुर्मीळ नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, कपड्यांना तिला फारशी मागणी नाही. भरतीला मात्र भरडपणा उपयोगीच, कारण जाड तंतू लवकर दबत नाही. लोकर धुऊन, वाळवून, पिंजून घ्यावी. गादीची शिवण थोडी उसवून लहान लहान पुंजके आत सरकवावेत. ठासून भरू नये. अंगठ्याने दाबले असता गादी थोडी दबली पाहिजे आणि अंगठा काढल्यावर वर आली पाहिजे. जिथे पुठ्ठ्याशी फट होती तिथे थोडी जास्त. नवी भरती काही आठवड्यांत बसते, तेव्हा पुन्हा एकदा भर घालावी लागते.

कातड्याच्या कामाला तर कोल्हापूरसारखी जागा नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची इथली चप्पल प्रसिद्ध आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जो कारागीर आरी आणि रापी घेऊन अशी चप्पल बनवतो त्याला तंगाचा पट्टा किंवा गादीची शिवण अवघड नाही. भारतात खोगिरे बनवण्याचे मोठे केंद्र कानपूर. तिथला हा धंदा एकोणिसाव्या शतकात लष्कराच्या मागणीवर वाढला. सांगाडा कानपूरचा, लोकर धनगराची आणि शिवण इथल्या कारागिराची, असे जुळवले तर नव्या खोगिराच्या मानाने खर्च बराच कमी होतो.

पाठ काय सांगते?

खोगीर घातले म्हणजे काम संपले असे नाही. अर्धा-पाऊण तास घोडा चालवून खोगीर काढावे आणि पाठ पाहावी. दोन्ही पट्ट्यांवर सारखा घाम असेल तर ठीक. घामाच्या मध्ये एखादा कोरडा ठिपका दिसला तर? इथे विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारी गोष्ट आहे. कोरड्या ठिपक्याची कारणे दोन असू शकतात, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एक तर तिथे दाब इतका जास्त आहे की घाम आलाच नाही, किंवा तिथे खोगीर मुळी टेकलेच नाही आणि घाम वाऱ्याने वाळला. नुसता ठिपका पाहून ठरवता येत नाही.

मग आणखी एक प्रयोग करावा. दुसऱ्या दिवशी पाठीवर खडूची पूड भुरभुरावी, खोगिराखाली पातळ काळे कापड घालावे आणि घाम यायच्या आत, दहा मिनिटे हळू चालवून ते काढावे. जिथे दाब जास्त तिथे कापडावर पूड दाट उमटते, जिथे खोगीर टेकले नाही तिथे कापड काळेच राहते. काल कोरडा राहिलेला भाग आज दाट पांढरा उमटला तर तिथली भरती कमी करायची. काळा राहिला तर वाढवायची. उलट केले तर जखम ठरलेली.

पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तो जुना पुरावा समजावा. दाबाने केसांच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी मरतात आणि पुढे तिथे केस पांढरेच येतात. घोडा विकत घेतानाही हे पाहावे. शिवाय पाठीचा आकार कायम राहत नाही. पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो. तरुण घोड्याची पाठ तर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत बदलत असते. तारेचे माप वर्षातून दोनदा घ्यावे.

ओझे किती?

खोगीर कितीही चांगले असले तरी ओझ्याला मर्यादा आहेच. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे घालून पाहिले. २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू अधिक दुखावले. त्यामुळे खोगिरासह २० टक्के ही मर्यादा साधारणपणे धरतात.

घोड्याचे वजन काट्याशिवाय काढता येते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे किलोमध्ये वजन. घेर १४५ आणि लांबी १३५ असेल तर वजन सुमारे २३९ किलो येते. त्याचे २० टक्के ४८ किलो. आपल्या उदाहरणातला ४२ किलोचा मुलगा आणि ६ किलोचे खोगीर यात बरोबर बसतात. ८० किलोचा माणूस बसत नाही.

कायदाही याविषयी बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा जखमी, काम करण्यास अयोग्य जनावराला कामाला लावणे हा गुन्हा मानतो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत तट्टावर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. पण कायदा जखम झाल्यावर बोट दाखवतो. जखम होऊ न देण्याचे काम तार, पुठ्ठा आणि खडू यांचे आहे.

शाळेत घोडा आणणे प्रत्येकाला जमणार नाही. त्याऐवजी घट्ट मळलेल्या कणकेची खोलगट वळणाची पाठ करावी. तिच्यावर एकदा सरळ फळी आणि एकदा त्याच वळणाने कापलेला जाड पुठ्ठा ठेवून दोन्हींवर तेच एक किलोचे वजन ठेवावे. कणकेत उमटलेल्या खुणांची खोली आणि क्षेत्रफळ मुलांनी मोजावे. मग हाच विचार दप्तराच्या बारीक पट्ट्यांना लावून पाहावा.

आणि तो बैलाच्या खांद्यालाही लावता येईल. आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे तेल-हळद लावून चोळतात. त्या संध्याकाळी मुलांना तार आणि पुठ्ठा घेऊन गोठ्यात पाठवा. खांद्याचे माप घ्या, जुवाच्या आतल्या बाजूचे माप घ्या आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहा. फट दिसली तर हळद लावून झाल्यावर जूही तासून घ्यावे.